कोल्ह्याचे लग्न आणि मुंबईचा पाऊस



वसंतातल्या व्याख्यानमालेत पावसाचा विषय काढणे म्हणजे आंब्याच्या दिवसांत मक्याच्या कणसाची चौकशी करण्यासारखे आहे. परंतु वैशाखाच्या या उकाड्यात पावसाचे नुसते नाव निघाले तरी जिवाला बरे वाटते, हेही तितकेच खरे. शिवाय आजचा विषय पुरता पावसाचाही नव्हे. लख्ख ऊन पडलेले असावे आणि त्याच उन्हातून सर उतरावी, अशा पावसाला आपली माणसे काय म्हणत आली, एवढाच तो विषय आहे.

श्रावणातल्या दुपारी गिरगावात, परळला किंवा लालबागेत हा प्रकार पुष्कळांनी पाहिला असेल. गॅलरीतल्या दोरीवर कपडे वाळत आहेत. ऊन चांगले कडक आहे, आणि अचानक टपटप थेंब येऊ लागतात. घरातली बाई लगबगीने बाहेर येते, एक लुगडे ओढते, वर पाहते आणि थांबते. ऊन तर तसेच आहे! कपडे काढावेत की राहू द्यावेत, हे तिला ठरवता येत नाही. तोवर खालच्या चौकातून पोरे ओरडू लागतात : "ऊन-पाऊस, कोल्ह्याचं लग्न!" कोणी 'लग्न' म्हणतो, कोणी 'लगीन' म्हणतो. पाच मिनिटांत सर ओसरते, पोरे पांगतात, आणि कोल्ह्याचे लग्न कोणी लावले, कोठे लावले, वऱ्हाडी कोण होते, याची चौकशी कोणीच करीत नाही.

ती चौकशी आज करू. इतिहासाच्या नावाखाली ही पोरखेळाची गोष्ट कशाला, असे कोणाला वाटेल. इतिहास म्हणजे सनदा, बखरी, शिलालेख, दफ्तरे, असे आपण शाळेत शिकलो. ते चुकीचे नाही. परंतु ज्या माणसांनी सनदा मिळविल्या नाहीत आणि ज्यांच्या नावाचा दगड कोणी कोरला नाही, त्यांनी मागे काय ठेवले? त्यांनी शब्द ठेवले. ओव्या, उखाणे, म्हणी आणि असली चार-दोन शब्दांची वाक्ये हीच त्यांची दफ्तरे. ती वाचावयाची रीत थोडी निराळी आहे, एवढेच.

प्रथम पाऊस समजून घेऊ. आषाढात मुंबईवर ढगांचे सलग छत असते. दिवसच्या दिवस सूर्याचे तोंड दिसत नाही. श्रावण लागला की पावसाला खंड पडू लागतात, छताच्या जागी सुटे सुटे ढग येतात आणि मधल्या फटींतून निळे आकाश दिसू लागते. अशा वेळी ढग लहान असतो आणि सूर्य जरा कललेला असतो. थेंब ढगातून खाली येतात, आणि उन्हाची तिरीप ढगाच्या कडेखालून वाट काढीत त्याच अंगणात पोहोचते. दुसरेही एक कारण आहे. साधारण १ मिलिमीटर जाडीचा थेंब सेकंदाला ४ मीटरच्या बेताने खाली उतरतो. ढगाचा तळ १ किलोमीटर उंच धरला, तर थेंबाला जमिनीवर यावयास ४ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्यात वरचा इवलासा ढग विरूनही जातो. थेंब येतात, तेव्हा त्यांचे घर मोडलेले असते.

अशा वेळी इंद्रधनुष्य दिसेलच असे मात्र नाही. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असला, तर जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला आकाशात धनुष्य दिसत नाही. म्हणून श्रावणातल्या भर दुपारी कोल्ह्याचे लग्न लागते ते बिनतोरणाचे. चारच्या पुढे सूर्य उतरला की पूर्वेकडे तोरण दिसू लागते. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली, आणि मुंबईच्या हवेची मोजदाद पुढे तेथे होऊ लागली. परंतु पावसाची वर्गवारी त्याआधीपासून आपल्या घरांतून चालूच होती. वळीव, झड, सर, शिरवे, भुरभुर, मुसळधार असे शब्द त्या वर्गवारीतलेच आहेत.

या घरगुती वर्गवारीचा विशेष असा, की तिने पावसाला गणगोत दिले. पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. मघांचा पाऊस सासूचा, पूर्वांचा सुनांचा. पावसाच्या नक्षत्रांत तरुण, म्हातारे, सासू, सून असे भरलेले घर असले, तर त्या घरात एखादे लग्न निघणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

आणि कोल्हाही तेथे आहेच! पंचांग उघडून पाहा. सूर्य पावसाच्या नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे, ते मोजून त्या संख्येला ९ ने भागतात आणि उरलेल्या बाकीवरून त्या नक्षत्राचे वाहन ठरते. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती अशी ही ९ वाहने. हत्ती, बेडूक, म्हैस आली की शेतकरी खूश होतो. कोल्हा आला की पाऊस बेताचा, असे समजतात. हे शास्त्र खरे की खोटे, हा प्रश्न येथे नाही. हवामानाच्या दृष्टीने त्याला आधार नाही, हे उघड आहे. परंतु कोल्ह्याचा आणि पावसाचा संबंध मराठी माणसाच्या मनात दुहेरी विणलेला आहे, हे त्यावरून दिसते. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले, आणि जोशीबुवांच्या पोथीतली ही वाहने पुढे छापील पानांवरून घरोघर गेली. पंचांगातला कोल्हा पंडितांच्या हिशेबातून आला, आणि लग्नातला कोल्हा पोरांच्या तोंडून. दोघांची गाठ श्रावणात पडते.

आता हा नवरदेव कोण, तेही नीट पाहिले पाहिजे. हल्ली मुलांच्या इंग्रजी पुस्तकांत या प्रसंगाला 'फॉक्सचे लग्न' म्हणतात, आणि चित्रात थंड देशातला झुपकेदार शेपटीचा तांबडा प्राणी काढलेला असतो. तो आपला कोल्हा नव्हे. इंग्रजीत ज्याला 'जॅकल' म्हणतात तो आपला कोल्हा. 'फॉक्स'ला आपल्याकडे खोकड हा स्वतंत्र शब्द आहे. दोन्ही प्राणी महाराष्ट्रात आहेत. परंतु रात्री गावाच्या शिवेवर सामुदायिक कोल्हेकुई करतो तो कोल्हाच.

त्याचे नावच त्याच्या ओरडण्यावरून पडले आहे. संस्कृतात त्याला 'क्रोष्टृ' म्हणतात, म्हणजे ओरडणारा. 'क्रुश्' या धातूपासून तो शब्द झाला, आणि प्राकृतातल्या 'कोल्हुअ' या रूपावरून मराठी कोल्हा आला. आपला 'आक्रोश' त्याच धातूचा. इतकेच काय, अंतर मोजण्याचा 'कोस' हाही मुळात 'क्रोश', म्हणजे हाक ऐकू जाईल इतकी लांबी. कोल्हा आणि कोस ही एकाच कुळातली भावंडे आहेत, हे कळले की या प्राण्याची आपल्या भाषेतली वस्ती किती जुनी, याची कल्पना येते.

मराठी वाक्प्रचारांत कोल्हा मोठा कर्तबगार आहे. तो काकडीला राजी होतो, म्हणजे थोडक्यात संतुष्ट. सकाळी त्याचे तोंड पाहिले तर दिवस लाभाचा जातो. पंचतंत्रात तो करटक आणि दमनक होऊन राजाच्या दरबारात कारस्थाने करतो. आणि त्याला द्राक्षे आंबट लागतात. या शेवटच्या म्हणीपाशी क्षणभर थांबू, कारण आपल्या प्रश्नाची एक किल्ली तेथे आहे.

द्राक्षांची म्हण पुस्तकातून आली. मूळ गोष्ट इसापची, ग्रीसची, आणि तिच्यातला प्राणी खोकड. सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांनी मुंबईत 'इसपनीतिकथा' मराठीत आणल्या त्या १८२८ साली. शाळांतून ती पुस्तके गेली, पोरांनी गोष्टी पाठ केल्या, आणि ग्रीक खोकड मराठी कोल्हा बनून घरोघर द्राक्षांना नावे ठेवू लागला. या म्हणीमागे लेखक दिसतो, पुस्तक दिसते, शाळा दिसते. कोल्ह्याच्या लग्नामागे यांतले काहीच दिसत नाही. ते कोणा गुरुजींनी शिकविले नाही, कोणा छापखान्याने छापले म्हणून पसरले नाही. ते आजीने नातवाला आणि थोरल्या पोराने धाकट्याला दिले. म्हणजे एकाच प्राण्याच्या दोन म्हणी : एक वरून खाली आलेली, दुसरी खालच्या खाली चालत राहिलेली. इतिहासकाराला दुसरी अधिक मोलाची, कारण तिला जिवंत ठेवणारे हात कोणाच्या नोकरीत नव्हते.

पण लग्नच का? कोल्हा ऊन-पावसात खरोखर काही विशेष वागतो म्हणून का? तसे काही नाही. कोल्हा-कोल्हीण जोडीने राहतात, जोडीने ओरडतात, पिले मिळून वाढवितात. परंतु त्यांच्या जोडीला श्रावणातल्या सरीचा मुहूर्त लागत नाही. तेव्हा लग्नाचा उगम कोल्ह्यात न शोधता आपल्यात शोधावा हे बरे.

आपल्याकडे लग्न आणि पाऊस यांचे वैर प्रसिद्ध आहे. आषाढी एकादशीला देव झोपतात ते कार्तिकीला उठतात. मधल्या चातुर्मासात लग्ने लावीत नाहीत. तुळशीचे लग्न लागले की मग माणसांचे मुहूर्त निघतात. पावसात वऱ्हाड न्यायचे कसे, मांडव टिकायचा कसा, ही व्यवहाराची अडचण त्या धर्माज्ञेच्या पाठीशी आहे. लहानपणी आपण भांड्याच्या बुडाची खरवड मागितली की घरातली म्हातारी दटावीत असे, खरवड खाऊ नको, तुझ्या लग्नात पाऊस पडेल. म्हणजे लग्नातला पाऊस ही चेष्टेची आणि धाकाची गोष्ट. अशा समाजाला श्रावणात अकस्मात मांडवासारखे सोनेरी ऊन पडलेले आणि वरून अक्षतांसारखे थेंब पडत असलेले दिसले, तर त्याला लग्न आठवणारच. परंतु माणसाचे लग्न तर या दिवसांत निघत नाही! मग ज्याला पंचांग बघावे लागत नाही, भटजी लागत नाही, आणि ज्याच्या लबाडीला कसलाच मुहूर्त वर्ज्य नाही, अशा कोल्ह्याच्या गळ्यात माळ पडली. या वाक्यातले हसू मराठी घराला चटकन का कळते, याचा उलगडा मला चातुर्मासात दिसतो.

याच्या उलट बाजूही आपल्याकडे आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा काही ठिकाणी बेडकांचे लग्न लावतात, धोंडी काढतात, दारोदार पाणी घालून घेतात. बेडकाचे लग्न माणूस लावतो, पाऊस यावा म्हणून. कोल्ह्याचे लग्न आपोआप लागते, पाऊस आला म्हणून. एकात आर्जव आहे, दुसऱ्यात मौज आहे. दुष्काळाच्या भीतीने केलेला विधी आणि पेरण्या उरकल्यावर सुचलेला विनोद, असा तो फरक आहे. शिष्ट साहित्यानेही या ऊन-पावसाची दखल घेतली. बालकवी ठोमरे (१८९०–१९१८) यांच्या श्रावणावरील कवितेने तो प्रत्येक शाळकरी मुलाच्या ओळखीचा केला. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले आणि महिन्यामहिन्याचे निसर्गदर्शन मराठी गद्यात स्थिरावले. १९५४ साली राजा परांजप्यांनी 'ऊन पाऊस' नावाचा चित्रपट काढला, तेव्हा त्या दोन शब्दांचा अर्थ सुखदुःख असा आहे, हे प्रेक्षकांना समजावून सांगावे लागले नाही. मात्र शिष्टांच्या ऊन-पावसात कोल्हा फारसा येत नाही. तो चौकातच राहिला.

आता हे वाक्य मुंबईत कसे नांदले, ते पाहू. ही मुंबई मुळात बेटांची. खाजणे, मिठागरे, भातशेते आणि माडांच्या वाड्या यांचा हा मुलूख. गिरगावातल्या मुगभाट, बोरभाट, फणसवाडी, केळेवाडी या नावांत जुन्या वाड्या-बागा अजून उभ्या आहेत. चिंचपोकळीने आपली चिंच सांभाळून ठेवली आहे. कोळी, भंडारी, आगरी, पाचकळशी, पाठारे प्रभू या जुन्या वस्तीच्या माणसांना कोल्हा पुस्तकातून शिकावा लागला नसेल, हे उघड आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची उभारणी सुरू केली आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा भाग गिरण्यांनी भरला. रत्नागिरीचा चाकरमानी बोटीने आला. सातारा-कोल्हापूरकडचा घाटी आगगाडीने आला. १९११ सालची शिरगणती सांगते, की मुंबईतल्या दर ५ माणसांपैकी सुमारे ४ माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. असले शहर जगात थोडे. बिऱ्हाड करावयास जागा नसे; एकेका खोलीत एकेका गावाची माणसे पाळीपाळीने झोपत. त्यांच्या वळकटीत कांबळे होते, देवाचा टाक होता, भजनाचे टाळ होते, आणि जकात न भरता आणलेले एक सामान होते : गावची भाषा.

भोवतालची वस्तीही एका भाषेची नव्हती. गिरगावच्या शेजारी भुलेश्वर गुजराती. कामाठीपुरा आणि वरळीकडे तेलुगू कामाठी व पद्मशाली. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले विणकर. पुढे माटुंग्याला तमिळ. या साऱ्यांच्या भाषांत या पावसाला काय म्हणतात ते पाहिले, म्हणजे गंमत कळते. गुजराती त्याला 'नागो वरसाद' म्हणतात, ढगांचे वस्त्र न पांघरता आलेला उघडानागडा पाऊस. हिंदी मुलखात सियाराचे किंवा गीदडाचे ब्याह, म्हणजे पुन्हा कोल्हाच. तेलुगूत कुत्र्यांचे आणि कोल्ह्यांचे लग्न. कानडीत आणि तमिळमध्ये कावळ्याचे आणि कोल्ह्याचे लग्न. तेथे नुसता नवरदेव नाही, वधूही ठरलेली आहे! मल्याळीत, बंगालीत, ओडियात आणि नेपाळीत कोल्हा-खोकडाच्याच घरचे कार्य. पंजाबीत तर कोल्हीण एका डोळ्याने कानी आहे. बिचारीचे लग्न जमले, हाच केवढा चमत्कार!

हे सारे एका शहरात, एका सरीखाली येऊन उभे राहिले. गिरणीचा भोंगा एक, ट्रामचा रस्ता एक, पाण्याचा नळ एक. आणि उन्हात पाऊस आला की भाषा चार, पण लग्न एक. निरनिराळ्या मुलखांतून आलेली, एकमेकांच्या जेवणाला नाक मुरडणारी माणसे या बाबतीत मात्र आधीच सोयरी होती.

ही सोयरीक हिंदुस्थानापुरतीही राहत नाही. जपानात या पावसाला कोल्हिणीची वरात, त्यांच्या शब्दांत 'कित्सुने नो योमेइरि', म्हणतात. मात्र तेथला प्राणी खोकड आहे. अकिरा कुरोसावा यांच्या १९९० सालच्या 'ड्रीम्स' या चित्रपटाची सुरुवातच तिने होते : मुलाने ती वरात पाहू नये असे आई बजावते, मुलगा पाहतो, आणि त्याच्यावर जिवावरचे संकट येते. म्हणजे जपानात जी वरात पाहणे हा अपराध, ती पाहावयास आपल्याकडे पोरांना हाका मारून बोलावतात. कोरियात वाघाचे लग्न लागते, बल्गेरियात अस्वलाचे, अरबी मुलखांत काही ठिकाणी उंदरांचे, दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांत माकडांचे. पोलंडात चेटकीण लोणी काढते. अमेरिकेच्या दक्षिणेत सैतान बायकोला मारतो. फ्रान्समध्ये तो बायकोला मारता मारता मुलीचे लग्नही उरकतो. एकच सर, पण कोणाला तिच्यात सनई ऐकू आली, कोणाला मारझोड.

फिनलंडचे लोकसाहित्याचे पंडित मात्ती कूसी यांनी देशोदेशींची ही वाक्ये गोळा करून, त्यांचे गट पाडून १९५७ साली हेलसिंकीहून एक जर्मन ग्रंथ काढला. उन्हातला पाऊस हाच त्याचा विषय. पुढे १९९९ साली भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांनी 'अँथ्रोपोस' या नियतकालिकात कोल्ह्याच्या लग्नावर स्वतंत्र निबंध लिहिला. तेव्हा ज्या गोष्टीला आपण पोरखेळ समजतो, तिच्यासाठी मोठमोठ्या विद्वानांनी वर्षे खर्ची घातली आहेत.

इतकी वाक्ये पाहिली की सभेत हटकून एक प्रश्न येतो : मूळ कोणाचे? हे आपल्याकडून जपानात गेले, की दुसरीकडून आपल्याकडे आले? हा प्रश्न माणसाच्या अभिमानाला गोड वाटतो, म्हणूनच त्याच्यापासून सावध राहावे. द्राक्षांच्या म्हणीला आपण पुस्तकाचा माग लावू शकलो. लोकवाणीचे तसे नसते. जवळजवळच्या भाषांत ती उसनी दिली-घेतली जाते. लांबलांबच्या देशांत एकच दृश्य पाहून माणसाचे मन सारख्याच वाटेनेही जाते. ऊन आणि पाऊस या एकमेकांत न बसणाऱ्या गोष्टी एकत्र आल्या, की त्याला विजोड लग्नाची उपमा सुचणे हे मानवी स्वभावाला धरून आहे. मराठी-कानडी-तेलुगूतला कोल्हा एकमेकांच्या शिवेवरून गेला असेल, हे सहज पटण्याजोगे आहे. झुलूंचे माकड त्याच वाटेने आले, असे म्हणावयास मात्र फार मोठे धाडस हवे.

मुंबईत तर या प्रश्नाला एक बोचरी धार आहे. हे शहर कोणाचे, यावर येथे रक्त सांडले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि मुंबई त्याची राजधानी झाली, ते फार मोठ्या लढ्यानंतर. आपल्या भाषेचा अधिकार सांगणे योग्यच होते. परंतु भाषेचा अधिकार म्हणजे भाषेतल्या प्रत्येक वाक्याची मालकी नव्हे. कोल्ह्याचे लग्न अस्सल मराठी आहे, कारण मराठी घरात ते पिढ्यान् पिढ्या मराठी तोंडाने बोलले गेले आणि त्यात आपला चातुर्मास, आपली खरवड, आपली सासू-सुनांची नक्षत्रे मिसळली. ते शेजाऱ्याकडेही आहे म्हणून त्याचे मराठीपण उणे होत नाही. आजीच्या हातचे पिठले शेजारीही करतात. म्हणून काही ते आपल्या आजीचे नाही असे होत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थोडा काळजीचा आहे. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकचे कलेक्टर जॅक्सन अनंत कान्हेऱ्यांच्या गोळीने मारले गेले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. याच जॅक्सन यांनी लोकसमजुतींची माहिती पुष्कळ जमविली होती, हे तितकेसे ठाऊक नाही. एन्थोवेन यांनी ती माहिती संपादून गुजरातचा भाग १९१४ साली आणि कोकणचा १९१५ साली प्रसिद्ध केला. कोकणच्या भागातले बरेच साहित्य खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांनी लिहून पाठविलेल्या उत्तरांचे आहे. राज्य परक्यांचे, प्रश्न परक्यांचे. परंतु उत्तरे आपल्या मास्तरांची. सूर्य, पाऊस, नद्या, दृष्ट, भुतेखेते यांविषयी गावची माणसे काय बोलतात, ते त्यांनी गावाच्या नावासह लिहून ठेवले. पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' सिद्ध केला, तो १९४० नंतरच्या दशकात. ते काम आपल्याच हौसेने आणि आपल्याच कष्टांनी झाले.

ज्या चाळींतून कोल्ह्याचे लग्न मोठ्याने ओरडले जाई, त्यांच्यासाठी असे काम फारसे झाले नाही, आणि आता घाई करावयास हवी. १९८२ च्या जानेवारीत गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि गिरणगावची माणसे कल्याण-डोंबिवलीकडे, विरारकडे, कित्येक तर परत गावाकडे गेली. चाळींच्या जागी मनोरे आले. मनोऱ्यात गॅलरी नाही आणि चौक नाही. काचेच्या बंद खिडकीतून ऊन-पाऊस दिसतो, परंतु ओरडून सांगावयास समोर कोणी नसतो. हे वाक्य एकट्याने म्हणावयाचे नाहीच. एकाने "ऊन-पाऊस" म्हणावे आणि दहांनी कोल्ह्याचे लग्न लावावे, अशी त्याची रीत. जागा मोडली की रीत मोडते, आणि रीत मोडली की शब्द कोशात उरतो; किंवा कोशातही उरत नाही.

आश्चर्य असे, की कोल्हा मात्र अजून मुंबई सोडून गेलेला नाही. ठाण्याच्या खाडीच्या कांदळवनांत, विक्रोळीकडे, नवी मुंबईच्या बाजूला आजही कोल्हे आहेत. अधूनमधून एखादा वस्तीत शिरल्याची बातमी येते आणि लोक चकित होतात. श्रावणही येतोच आहे. सर आहे, ऊन आहे, नवरदेव आहे. वऱ्हाडी तेवढे पांगले आहेत.

म्हणून माझी श्रोत्यांना एक लहानशी विनंती आहे. येत्या श्रावणात घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा : उन्हात पाऊस आला म्हणजे तुमच्याकडे काय म्हणत? पुढे आणखी एखादी ओळ असे का? म्हणताना पोरे काही करीत का? आणि हे त्यांनी कोणत्या गावी, कोणाकडून ऐकले? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. 'लगीन' म्हटले तर 'लगीन'च लिहा, त्याचे 'लग्न' करू नका. हल्ली खिशातल्या फोनवर आवाजही टिपता येतो. मास्तरांजवळ तेवढीही सोय नव्हती. शेजारी तेलुगू किंवा गुजराती असेल, तर त्यालाही विचारा आणि त्याचे वाक्य आपल्या वाक्याशेजारी लिहा. शंभर घरांनी एवढे केले, तर लालबाग-परळच्या पावसाचा जो नकाशा तयार होईल, तो कोणत्याही दफ्तरखान्यात मिळावयाचा नाही.

श्रावणाला अजून अवकाश आहे. तोवर घरी जाऊन विचारावयास सुरुवात केली तरी चालेल.